नाव मोकळं नाही

रुकाराये
१२ मार्च १९९६, मंगळवार

एदेल्मिरा पोरी,

पार्सल मिळालं. साबणाच्या सहा वड्या, दोरा, साखर, मेणबत्त्या आणि माझ्या गुडघ्यांचं मलम. यर्बाची पत्ती नाही. सलग तिसऱ्यांदा नाही. तुझ्या डोक्याला भोक पडलंय का गं? सकाळी उठल्यावर आपली आई पहिल्यांदा काय तोंडाला लावते, हे सदतीस वर्षांत तुझ्या ध्यानात राहू नये? आता काय, तुंब्यात साबण कालवून नळीने ओढू?

असो. मी बरी आहे. तुम्ही तिघं बरी असाल. तिघं म्हणायची अजून जिभेला सवय व्हायची आहे. तुझ्या नोल्बेर्तोचा भाऊ बसमधून उतरला तो ओरडतच आला, "मुलगी झाली, मुलगी झाली." वजन किती विचारलं तर म्हणे, दादा सांगतो मोठ्या पावांचे तीन नग. बेकरीत काम करणाऱ्या माणसाला लेक झाली की ती पावांतच मोजली जाणार. पण तीन पाव म्हणजे बरी आहे. तू दोनचीसुद्धा नव्हतीस.

हे पत्र होर्तेन्सिया लिहून घेते आहे. तिच्या दुकानात पिठाच्या पोत्यावर बसून मी सांगते आहे, आणि ती गल्ल्यामागे. हिची एक तऱ्हा तुला माहीत आहे. मी तोंडातून जे काढीन ते सगळं उतरवते. "हे राहू दे, खोड" म्हटलं, तर "हे राहू दे, खोड" एवढंही लिहून मोकळी. मला वाचता येत नाही, त्यामुळे तिचं फावतं. आणि आपल्या पत्रात काय आहे ते संध्याकाळपर्यंत तळ्याच्या पलीकडच्या लोकांनाही कळतं. आत्ता हसते आहे बघ. हेही लिहिलं असेल.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितेस, "आई, तुझं नाव हिला दे, आणि ते कसं लिहायचं तेवढं कळव, कारण नोंदणीच्या खिडकीवरची बाई अक्षरं विचारते." यर्बा विसरलीस ते एक वेळ चालेल. पण आपली आई अक्षरशत्रू आहे हेही विसरलीस? मला कोण सांगणार माझ्या ल्युफ्केराय ह्या नावात कुठली अक्षरं लागतात ते? मी बारा वर्षांची असताना जमिनीच्या कागदासाठी माझ्या बापाने मला अशाच एका खिडकीपुढे उभं केलं होतं. कारकुनाने नाव विचारलं, बापाने सांगितलं. कारकुनाने पुन्हा विचारलं, बापाने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी कारकून म्हणाला, "लिहिता येईल असं काहीतरी सांग ना बाबा," आणि स्वतःच 'लुसिया' लिहून टाकलं. तेव्हापासून कागदावर मी लुसिया. लुसियाला मी कधी भेटले नाही. बाई चांगली असेल.

होर्तेन्सियाने मघाशी विचारलं, "पापाय आजी, मी कसं लिहू नाव?" म्हटलं, तुला वाटेल तसं लिही, इथे कोण तपासायला बसलंय.

पण पोरी, ते नाव नको. पोरीला शाळेत जायचंय. रोज मास्तर अडखळेल, रोज पोरं हसतील. त्यात ते जड आहे. विजेचं नाव आहे, लहान जिवाला झेपेल न झेपेल. आणि मी काही नशिबवान बाई नाही. नवरा झाडाखाली गेला, जमीन अर्धी पाइन लावणाऱ्या कंपनीकडे गेली, दात कुठे गेले ते मला माहीत नाही. असल्या बाईचं नाव कशाला?

दुसरी नावं आहेत की. माझ्या थोरल्या मावशीचं नाव सुंदर होतं, पण तिला शेजाऱ्यांच्या कोंबड्या उचलायची खोड होती, तेव्हा विचार कर. धाकट्या बहिणीचंही चांगलं होतं. ती मात्र लग्नाआधीच पाण्यात गेली. होर्तेन्सिया म्हणते, कारिना ठेवा, तिच्या भाचीचं आहे, एका दमात लिहून होतं. बघ, हेही एक.

तू पुढे जे लिहिलं आहेस, ते होर्तेन्सियाने वाचलं तेव्हा दुकानात आणखी दोन बायका होत्या. "ते नाव एकोणीस वर्षं मातीत पडून आहे, आई. माझ्या थोरल्या लेकीबरोबर आपण ते पुरलं. मी ऑक्टोबरात हिला घेऊन येते. आपण दोघी थडग्यापाशी उभ्या राहू, चार वेळा हाक मारू, नाव परत घेऊ, आणि तू ते धाकटीला दे." बायका रडल्या. होर्तेन्सियाने नाक पुसलं. मी नाही रडले, माझे गुडघे दुखत होते.

आपली रीत मला शिकवू नकोस. मी म्हातारी आहे, विसरलेली नाही. नाव देणारी आणि घेणारी, दोघी एकमेकींना लाकु म्हणतात. दोघींत मिळून एक नाव. देणारीने कान टोचायचे आणि एक मेंढी द्यायची, आणि त्या मेंढीची पुढची सगळी पिल्लं त्या मुलीची. घेणारी मेली तर नाव देणारीकडे परत येतं, आणि मग चार हाका मारून ते उचलता येतं. हे सगळं बरोबर आहे तुझं. तरी नको.

"अगं पापाय, दे की," ही होर्तेन्सिया. "नाव काय तुझ्या खिशातून जातंय?" हिला काय कळतंय.

तेव्हा दुसरं काहीतरी बघ आणि मला कळव. शिरा धरल्या असतील तर पोटाला गरम राख बांध. नोल्बेर्तोला म्हणावं, भट्टीवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय पोरीला उचलू नकोस.

अंगठा उठवत नाही, तुला माहीतच आहे. म्हातारपणाच्या पेन्शनवाली बाई जानेवारीत पुन्हा आली होती शाईची डबी घेऊन. तिला पाव खाऊ घातला आणि बसमध्ये बसवून दिलं. पत्राला नेहमीसारखा लोकरीचा धागा बांधते आहे. धागा असला की पत्र माझं.

तुझी आई

*

न्यायालयासमोरचा चौक, शहर
२१ जून १९९६, शुक्रवार

एदेल्मिरा,

तुझं पत्र मिळालं. ह्या वेळी यर्बा आठवणीने पाठवलीस. शिव्याही आठवणीने पाठवल्यास.

अक्षर वेगळं दिसेल तुला. अक्षर नाहीच हे, यंत्र आहे. इथे चौकात छत्रीखाली एक माणूस टाइपरायटर घेऊन बसतो, लोकांचे अर्ज करून देतो. फाउस्तिनो नाव त्याचं. त्याला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही, म्हणूनच पहाटेच्या बसने इथवर आले. जूनचा ऐन हिवाळा, थंडी मरणाची आहे. त्याने आपली खुर्ची मला दिली आहे आणि स्वतः पेटीवर बसला आहे. भला दिसतो. थोड्या वेळाने काय म्हणेल ते बघू.

तू लिहिलंस, "तुला वाटतं मी हिलाही मारीन. थोरलीला तुझ्या गळ्यात टाकून मी दुसऱ्यांची भांडी घासायला गेले, म्हणून ती मेली, असंच तुला वाटतं. एकोणीस वर्षं तू तोंडाने बोलली नाहीस, आता नाव नाकारून बोललीस." हे होर्तेन्सियाने वाचलं, आणि पहिल्यांदाच ती गल्ल्यामागून उठून बाहेर आली. कागद घडी करून माझ्या हातात दिला.

पोरी, तू तिला मारलं नाहीस. तिला कुणीच मारलं नाही. ती मेली नाही.

फाउस्तिनो थांबला आहे. विचारतो, "आजी, हे लिहू?" म्हटलं, बाबा, तू लिहायलाच बसला आहेस.

नीट सांगते. सत्त्याहत्तर सालचा जून, असाच. तू तेव्हा इथे शहरात कामाला होतीस, एक रविवार सोडून एका रविवारी यायचीस. ल्युफ्केराय सात महिन्यांची होती. उन्हाळ्यात मीच तिचे कान टोचले होते, मीच तिला नाव दिलं होतं, मेंढीही दिली होती, ती काळ्या तोंडाची. तुझ्या ध्यानात असेल, कान टोचताना ती रडली नाही, मला चावली. दात नव्हते तरी चावली. मी म्हटलं, ही माझीच.

मग तिला खोकला झाला. चार दिवस धूर दिला, मध दिला, खोकला छातीत उतरला. मी तिला शालीत बांधून बसने दवाखान्यात आणलं. आत घेतलं त्यांनी. तिथे एक बाई होती, फिक्या तपकिरी बुटांची. दाई नव्हे, डॉक्टर नव्हे, कागदांवाली. तिने मला बसवलं, चहा दिला, त्यात तीन चमचे साखर. माझा हात हातात घेतला. माझी आई गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता. म्हणाली, इथे अंगठा उठवा. मी उठवला. का, ते विचारू नकोस. दुधाच्या भुकटीला अंगठा लागायचा, बियाण्याला लागायचा, गोळ्यांना लागायचा. मला वाटलं, दूध देतील. शाई जांभळी होती.

"आठ दिवसांनी या," म्हणाली. आठ दिवसांनी गेले. उबदार राहावी म्हणून नवी शाल विणून नेली होती. खाटेवर दुसरंच मूल. ती बाई म्हणाली, "अहो, आता कशाला आलात? तुम्हीच तर दिलीत तिला. चांगल्या घरी गेली. समुद्रापलीकडे. पोटभर जेवेल, शिकेल." मी म्हटलं, मी काही दिलेलं नाही. तेव्हा तिने कागद काढून दाखवला. मला अक्षर येत नाही, पण अंगठा येतो. विळ्याने कापलेली ती तिरपी खूण होती त्यात. माझाच होता.

मी ओरडले नाही. हे मी स्वतःला अजून विचारते, का ओरडले नाही. शाल तिथेच खाटेवर ठेवली, दुसऱ्याच्या मुलावर, आणि निघाले.

बसमध्ये मी तुझा विचार केला. अठरा वर्षांची होतीस, तोंड माझ्यासारखं, पाय तुझ्या बापासारखे. तुला कळलं असतं तर तू त्या दवाखान्याच्या दारात जाऊन बोंब मारली असतीस. ते दिवस शिपायांच्या राजवटीचे होते. तुझा दोमिंगो मामा चौकीत आपला घोडा परत मागायला गेला होता, घोडा आला नाही आणि मामाही आला नाही. मला वाटलं, एक गेली. हे सांगितलं तर दुसरीही जाईल. रविवारी तू आलीस, आणि मी सांगितलं, ती गेली. हे काही पूर्ण खोटं नाही, असंही मनाला समजावलं. गेलीच होती.

पेटी मीच बांधली होती, आठवतं? तू उघडायला धावलीस आणि मी तुला ढकललं, ताप लागेल म्हणाले. तू दोनदा हात घातलास, दोनदा मी ढकललं. आत काळ्या तोंडाच्या मेंढीची लोकर होती. आणि पेटी हलकी लागू नये म्हणून माझा वरवंटा. तू नंतर कितीदा विचारलंस, "आई, तू उकडलेला गहू वाटून वड्या का करत नाहीस आता?" मी म्हणायचे, वरवंटा हरवला. दुसरा का आणत नाहीस? म्हणायचे, दुसऱ्याला तशी धार नाही.

एकोणीस वर्षं तू वरवंट्यावर फुलं ठेवते आहेस, पोरी.

आणि खरं पाप ते नाही. बसमध्ये जे ठरवलं ते भीतीने ठरवलं, ते कुणी माफ केलं तर करेल. शिपाई गेले, सहा वर्षं झाली. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर त्या खोट्यावर गवत उगवलं होतं, तू क्रॉसला रंग दिला होतास. तू दर वर्षी येऊन माझ्या चुलीपाशी बसायचीस, म्हणायचीस, मी चाकरीला गेले नसते तर. आणि मी तुंब्यात पाणी ओतत राहायचे, तुझ्यासमोर बसून प्यायचे, तुझ्या हातात तुंबा द्यायचे. एकदाही म्हटलं नाही, की तुझा दोष नाही. म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग कुणाचा?

चार वर्षांपूर्वी मी पुन्हा त्या दवाखान्यात जाऊन आले. तुला सांगितलं नव्हतं. तपकिरी बूट वारले. जुने कागद एका हिवाळ्यात भिजले, फेकून दिले म्हणाले. तिथली पोरगी चांगली होती. तिने विचारलं, मुलीचं नाव काय होतं? मी सांगितलं. तिने तीनदा विचारलं आणि मग काहीतरी लिहिलं. मला माहीत आहे, ते कुठेच सापडणार नाही. तिकडे त्यांनी तिला कोणतं नाव दिलं असेल कोण जाणे, त्यांना लिहिता येईल असंच असणार.

म्हणून नाव देता येत नाही. आता कळलं? तू म्हणतेस, मातीतून नाव उचलू. ते मातीत नाही. ते तिच्याकडे आहे, कुठेतरी, एकोणीस वर्षांच्या मुलीकडे, जिला ते आपल्याकडे आहे हेही माहीत नाही. मी तिथे उभी राहून चार हाका मारल्या, तर ते नाव तिच्याकडून निघून येईल. अंगठ्याने मी तिला एकदा दिलं. आता तोंडाने मारू? आणि धाकटीला ते दिलं, तर ती मेली असं मीच सांगितल्यासारखं होईल, ह्या वेळी खऱ्या देवांना.

मेंढ्यांचंही तेच. तू चिडायचीस ना, ह्या म्हातारीकडे इतक्या मेंढ्या आणि ती एक कापत नाही, एक विकत नाही. त्या माझ्या नाहीत. काळ्या तोंडाचीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळ्या तिच्या. मी राखणदार.

फाउस्तिनो म्हणतो, "आजी, हे कोर्टात सांगायला हवं. समोरच आहे." म्हटलं, कुठल्या कोर्टात, बाबा? कागदावर माझाच अंगठा आहे. आता तो चष्मा पुसतो आहे.

त्याने विचारलं, शेवटी अंगठा उठवायचा का? नाही म्हटलं. आता तुला कळलं असेल का ते.

मी तुझी माफी मागत नाही. तेवढी अक्कल मला आहे. एकच सांगते. मी तुझं पत्र ऐकून घेऊ शकते ते होर्तेन्सियाच्या तोंडून, आणि हे तिच्या तोंडून ऐकायचं नाही मला. तेव्हा तू लिहू नकोस. आत्ता पाठवलेला यर्बाचा पुडा मी पुरवून पुरवून सप्टेंबरपर्यंत नेईन. पुढच्या पार्सलात पुडा आला, तर मी समजेन. नाही आला, तरी समजेन.

तुझी आई,
ल्युफ्केराय. अजून तिच्याबरोबर मिळून.

*

रुकाराये
२० ऑक्टोबर १९९६, रविवार

एदेल्मिरा पोरी,

मी बरी आहे. तू बरी असशील. पुन्हा होर्तेन्सिया लिहिते आहे, हे तुला अक्षरावरून कळलंच असेल.

काल नोल्बेर्तोचा भाऊ आला, पार्सल घेऊन. एकटाच. मी गहू उकडून ठेवला होता, कोंबडी मारून ठेवली होती, दाराशी दोन जास्तीच्या खुर्च्या. त्याने एकट्याने जेवढं खाता येईल तेवढं खाल्लं, बिचारा.

त्याच्याकडून कळलं, पोरीचं नाव लागलं. कारिना. खिडकीवरच्या बाईने एका दमात लिहिलं म्हणे, वर पाहिलंसुद्धा नाही. होर्तेन्सिया खूश आहे, तिला वाटतं तिचंच ऐकलंस. चांगलं नाव आहे. ते कुणालाही देता येतं, कुणाकडूनही घ्यावं लागत नाही. ते कुणाचंच नाही म्हणजे कुणी काढूनही घेणार नाही. मला म्हणायला जरा अवघड जातं, पण मी काय, शिकेन.

पोरगी आता आठ पावांची झाली असंही तो म्हणाला. हसली की एका गालाला खळी पडते म्हणाला. एवढंच सांगितलं. मी आणखी विचारलं नाही. त्याला बहुतेक सांगितलं असावं, किती सांगायचं ते.

तुझा निरोपही दिला त्याने. "वहिनी म्हणाली, आईला सांग, क्रॉस काढून टाक." त्याला अर्थ कळला नव्हता. दोनदा विचारून आला होता म्हणे, की हाच निरोप ना.

मी आज सकाळी काढला. होर्तेन्सिया विचारते, कुठला क्रॉस? वाऱ्याने पडला होता गं, पाइनच्या बाजूचा. "अरेरे, पोरीच्या थडग्यावरचा? मग नवा लावू की, माझ्याकडे फळ्या आहेत." नको म्हटलं. लाकूड चांगलं होतं, मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकाला आडवं ठोकलं. फाटक कधीपासून लटकत होतं.

आणि माझा वरवंटा सापडला. होर्तेन्सिया विचारते, "एवढ्या वर्षांनी? कुठे होता?" जिथे ठेवला होता तिथेच होता. म्हातारपणी असंच होतं. धुतला, तीन पाणी धुतला, मातीचा वास जात नाही. उरलेला गहू त्याच्यावर वाटला. हाताला अजून येतं. मऊ झाला, लहानपणी तुला आवडायचा तसा. वड्या केल्या. घास काही उतरला नाही. कोंबड्यांना घातल्या.

पार्सलात साबणाच्या सहा वड्या होत्या, दोरा, साखर, मेणबत्त्या आणि मलम. सगळं बाहेर काढलं, खोकं उलटं करून झटकलं. होर्तेन्सिया बघत होती. म्हणाली, "यर्बा विसरली वाटतं पुन्हा. काय पोरगी तरी!"

मी म्हटलं, हो गं. लहानपणापासून विसरभोळीच आहे ती.

दुसरं काय म्हणणार होते?

मेंढ्यांना ह्या वेळी नऊ कोकरं झाली, एक गेलं. त्यातलं एक काळ्या तोंडाचं आहे, मधल्या पिढ्यांत एकही झालं नव्हतं. ते मी कारिनासाठी बाजूला काढलं आहे. नाव दिल्याशिवाय मेंढी द्यायची रीत नाही, माहीत आहे मला. पण कान कापलेला नाही, खूण केलेली नाही, नुसतं बाजूला बांधलंय. थोरल्या बहिणीने धाकटीला दिलं समज. थोरलीला विचारायला मिळालं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं, असं मला वाटतं. मला चावली होती ती, पण चिक्कू नव्हती. होर्तेन्सिया म्हणते, "पापाय, तू मेलेल्या पोरीच्या वतीने मेंढ्या वाटतेस होय?" होय, वाटते. लिही.

तू येऊ नकोस, रस्ता वाईट आहे. मी तिकडे येणार नाही, मला इथल्या शहराचा चौक एकदा पुरला. माझं काही झालं तर नोल्बेर्तोचा भाऊ मेंढ्या नेईल, त्याला मी सगळ्या दाखवल्या आहेत. तू त्या विकू नकोस. तेवढं एक कर. राख नुसत्या. कुणी कधी दारात आलं आणि एखादा शब्द जरी आपला बोललं, तर आधी त्याच्या कानाकडे बघ, टोचलेले आहेत का. असं होणार नाही, मला माहीत आहे. तरी बघ.

लोकरीचे दोन धागे बांधले आहेत ह्या वेळी. एक नेहमीचा. दुसरा त्या काळ्या तोंडाच्या कोकराचा.

पुढच्या पार्सलात साबण नको, आठ वड्या पडून आहेत. मीठ पाठव. जाडं, मेंढ्यांना चाटायला. आणि यर्बा... नको, होर्तेन्सिया, ते लिहू नकोस. लिहिलंस? खोड बघू. तिला आठवण करून द्यायची नाही. मीठच पाठव, पोरी. दोन किलो.

तुझी आई